नमुन्याचे हात

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता यंत्रानं थोरल्याला शंभरपैकी अडुसष्ट गुण दिले. वर्ग भरलेला होता. आकडा सगळ्यांनी पाहिला.

थोरला म्हणजे केस कापायला शिकवणाऱ्या त्या संस्थेतला सर्वांत जुना शिक्षक. विद्यार्थी त्याला मास्तर म्हणतात. त्याचा सख्खा भाऊ, धाकटा, शेजारच्या वर्गावर शिकवतो. त्याला छोटे मास्तर म्हणायची पद्धत होती. यंत्र बसवून सहा महिने झाले होते. प्रत्येक खुर्चीसमोरच्या आरशावर एक पडदा आणि पडद्याच्या दोन्ही अंगांना कॅमेरे. विद्यार्थी केस कापू लागला की कॅमेरे त्याचे हात, पावलं, नजर सगळं टिपतात, आणि पडद्यावर एकेक आकडा चढत जातो: कात्री धरणं, कंगव्याचा कोन, बटा वेगळ्या करणं, पाहणी. काम संपलं की एकूण गुण आणि खाली दोन ओळी सल्ला. तो एक बाई मऊ आवाजात वाचूनही दाखवते. विद्यार्थ्यांनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव सासू ठेवलं. कारण ती कायम डोक्यावर असते, काहीही करा, बघत असते, आणि कितीही चांगलं केलं तरी शंभर देत नाही.

यंत्र शिक्षकांसाठी नव्हतंच. पण त्या सकाळी थोरला नकली डोक्यावर बटा कशा घ्यायच्या ते दाखवत होता, आणि कुरळी म्हणाली, "मास्तर, सासू चालू करू का? तुमचे नव्व्याण्णव येतील बघा. आम्हाला कळेल तरी नव्व्याण्णव दिसतात कसे."

कुरळी ही वर्गातली एक मुलगी. तिच्या केसांवरून तिला हे नाव पडलेलं. तिच्या बोलण्यात खोट नव्हती. थोरला म्हणाला, "कर."

त्यानं नेहमीसारखंच काम केलं, म्हणजे भराभर. कात्री एकदा लागली की थांबली नाही. मानेवरचे केस फुंकून त्यानं हात पुसले आणि मुलांकडे वळला. मुलं त्याच्या डोक्यावरून वर बघत होती.

"छान सुरुवात!" सासू म्हणाली. "पाहणी या कौशल्याचा तुम्हाला अजून सराव हवा आहे. घाई करू नका. तुम्हाला नक्की जमेल."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मागून एक मुलगा म्हणाला, "सासूच ती, मास्तर. तिला कोण पसंत पडलंय?" त्या सांत्वनानं थोरल्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

यंत्र कशाशी ताडून गुण देतं हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. पडद्याच्या कोपऱ्यात दोन हातांचं छोटं चित्र सतत चालू असतं. तो नमुना. ते हात धाकट्याचे होते.

नमुना ठरवायच्या वेळी कंपनीच्या लोकांनी दोघा भावांचं चित्रीकरण केलं होतं. यंत्राची जबाबदारी एका इंजिनिअर मुलीकडे आहे. तिनं निवडीचं कारण संचालिकाबाईंच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं. "मोठ्या सरांचे हात फार वेगात चालतात. शिवाय ते डोक्यावर वाकतात, त्यामुळे कॅमेऱ्यात बरीचशी पाठच आलीये. छोटे सर सावकाश करतात. एकेक हालचाल सुटी दिसते." संचालिकाबाईंनी मान डोलावली आणि त्याच बैठकीत सांगून टाकलं की ज्याचे हात नमुना, त्याच्याकडेच पुढे संस्थेच्या तिन्ही शाखांचं शिकवणं सोपवायचं. ती नेमणूक आता येत्या सोमवारी जाहीर व्हायची होती.

सावकाश. धाकट्याच्या हातात पहिली कात्री थोरल्यानंच दिली होती. स्टुलावर बसवून त्याच्याकडून कितीतरी महिने नुसती हवा कापून घेतली होती. हलायचा तो फक्त अंगठा, बाकीची बोटं दगड. "दादा, केस कधी?" असं धाकटा रडकुंडीला येऊन विचारायचा. "हवा सरळ कापली जाऊ दे, मग केस." हात सावकाश चालतो म्हणून थोरल्यानं त्याच्या बोटांवर कंगवाही मारला होता. तोच सावकाशपणा आता तीन शाखांतल्या पोरांपुढे बरोबर म्हणून चालला होता.

नमुना लागल्यावर थोड्याच दिवसांत 'छोटे मास्तर'मधला 'छोटे' गळाला. कुणी ठरवून केलं नाही. धाकटा नुसताच मास्तर झाला, आणि दोघं एका जागी असले की घोटाळा नको म्हणून मुलं थोरल्याला मोठे मास्तर म्हणू लागली. मोठे म्हणजे काय, हे थोरल्याला कळत होतं. मोठे म्हणजे वय.

आणि कुरळी. दोन महिने बघून थोरल्यानं तिला सांगितलं होतं, "तुझ्या हातात कात्री नाही बाई, कुदळ आहे." यंत्रानं तिच्या कात्रीत काही चूक काढली नाही. त्यानं तिच्या डाव्या हातावर बोट ठेवलं: काम पुढे जाईल तसा तिचा कंगव्याचा हात नकळत खाली उतरायचा. आठवडाभर यंत्रानं तिला कात्री घेऊच दिली नाही, नुसता कंगवा उचलून धरायला लावला. आता ती वर्गात दुसरी होती. थोरल्यानं तिला शाबासकी दिली. देताना त्याला शाबासकीचे शब्द शोधावे लागले.

अडुसष्ट गुण मिळाले त्याच दुपारी तो धाकट्याच्या वर्गाच्या दारात जाऊन उभा राहिला. पाहणी म्हणजे काय प्रकार आहे ते त्याला बघायचं होतं.

खुर्च्यांच्या दोन ओळी होत्या, पाठीला पाठ लावून. चार बटा कापल्या की मुलं एक पाऊल मागे जात, हनुवटी वर करत, डोळे बारीक करत, आरशात बघत आणि पुन्हा पुढे येत. मागची ओळही तेच करत असल्यामुळे मधल्या जागेत पाठी आपटत होत्या.

"अगं, पाय माझा!"

"तू तुझ्या वेळेला मागे जा ना."

"ही माझीच वेळ आहे. तुझी आत्ता झाली."

"दोघींनी बाहेरच जा," धाकटा पलीकडून म्हणाला. "रस्त्यावरून बघा, आणखी चांगलं दिसेल." मुलं हसली. एक उंच मुलगा मात्र मागे जाऊन आरशाकडे बघतच नव्हता. त्याचे डोळे पडद्यावर होते, आणि पाहणीचा आकडा चढला की तो पुढे येत होता.

थोरला बघत राहिला. विशीतली पोरं, आणि सगळ्यांचे डोळे बारीक केलेले. ते डोळे त्याच्या ओळखीचे होते. दोघं भाऊ एकाच घरात राहतात, थोरला खाली, धाकटा वर. धाकटा गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख हात लांब करून वाचतो, ती अशाच डोळ्यांनी. दोन वर्षांपूर्वी त्याला चाळिशी लागली. पण दिवसभर आरशासमोर उभ्या राहणाऱ्या त्या देखण्या माणसाला तोंडावर चष्मा नको होता. केस कापताना जवळचं धूसर दिसतं, म्हणून तो अधूनमधून मागे सरतो. कॅमेऱ्यांनी ते टिपलं. यंत्रानं त्याचं कौशल्य केलं.

संध्याकाळी घरी थोरला बायकोला म्हणाला, "सगळी शाळा त्याच्या चाळिशीचे मार्क मिळवतेय." बऱ्याच दिवसांनी तो हसत होता.

बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "मग भाऊजींना सांगा की. वरच तर आहेत."

"त्याला कशाला? कंपनीला सांगायला पाहिजे. चूक आहे ती."

"आहे ना. मी कुठं नाही म्हणतेय? पण भाऊजींच्या जागी तिसराच कुणी असता, तर एवढं निरखून बघितलं असतंत का?"

"पोरांचं नुकसान होतंय."

"होत असेल. पण तुमचं पोट काही पोरांसाठी दुखत नाहीये."

थोरल्यानं तिच्या हातातला टॉवेल घेतला आणि स्वतःच त्याची घडी घातली. चुकीची घातली. तिनं ती उलगडून पुन्हा घातली.

बुधवारी संचालिकाबाईंच्या खोलीत त्यानं सगळं सांगितलं. इंजिनिअर मुलीनं तिथेच लॅपटॉप उघडून धाकट्याचं जुनं चित्रीकरण लावलं, थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं.

"हो," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी. डोळे बारीक होतायत. आम्हाला वाटलं ही कामाची पद्धतच आहे. आमच्यात केस कापणारं कुणीच नाही ना, सर."

"मला विचारायचं."

"विचारायला हवं होतं," तिनं कबूल केलं.

थोरल्याला बरं वाटलं. इथे तो उठला असता तर गोष्ट एवढ्यावर राहिली असती. पण संचालिकाबाईंनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे त्यांना जवळचं दिसत नाही?"

"नाही."

"आणि रोज सकाळी ते आपल्या पुढच्या सलूनमध्ये दाढ्या करतात. वस्तऱ्यानं."

संस्थेच्या पुढच्या बाजूला गिऱ्हाइकांसाठी सलून आहे. तिथली दाढीची खोली कापडी पडद्याआड आहे आणि तिथे फक्त हे दोघे भाऊ काम करतात. त्या खोलीत धाकटा चष्मा लावतो. गिऱ्हाइकाला खुर्चीत मागे झोपवलं, त्याच्या डोळ्यांवर गरम टॉवेल टाकला, की तो खिशातून चष्मा काढतो. टॉवेल उचलायच्या आधी चष्मा परत खिशात. एकदाही त्यानं चष्म्याशिवाय कुणाच्या गळ्याला वस्तरा लावलेला नाही. हे जगात दोघांनाच माहीत होतं. तो चष्मा थोरल्यानंच त्याला आणून दिला होता.

"मास्तर, मी तुम्हाला विचारतेय," संचालिकाबाई म्हणाल्या. "गळ्यावर वस्तरा अंदाजानं चालवतात का ते?"

थोरला टेबलाच्या काचेकडे बघत होता. काचेखाली संस्थेच्या पहिल्या तुकडीचा फोटो होता. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"तुम्ही त्यालाच विचारलेलं बरं," तो म्हणाला.

संध्याकाळच्या आत धाकट्याला दाढीच्या खोलीतून काढलं, डोळे तपासून यायला सांगितलं, आणि सोमवारची नेमणूक थांबली.

गुरुवारी थोरला मोरीजवळ कंगवे धूत होता. धाकटा येऊन शेजारी उभा राहिला. नळ चालू होता. धाकट्यानं तो बंद केला.

"दादा, मॅडमनी तुला वस्तऱ्याचं विचारलं?"

"विचारलं."

"मग?"

"म्हटलं, त्यालाच विचारा."

"विचारलं की. मी सांगितलं, चष्मा लावतो म्हणून. त्या काय म्हणाल्या माहितीये? 'हे तुमच्या भावाला माहीत असणारच. ते तर काही बोलले नाहीत.' मी खोटारडा ठरलो."

"तू लपवतोस. मी कशाला तुझं उघड करू?"

"पाऊल मागे घेण्याचं केलंस ना उघड. तेही लपवलेलंच होतं."

"ते पोरांसाठी बोललो."

"बरं. आणि हे कुणासाठी नाही बोललास?"

थोरल्यानं नळ पुन्हा सोडला. धाकट्यानं पुन्हा बंद केला. लहानपणी दोघं दिव्याच्या बटणावरून असेच भांडायचे. तेव्हा आई येऊन दोघांना एकेक ठेवून द्यायची.

"मी मागितलं होतं का रे ते नमुनाबिमुना?" धाकटा म्हणाला. "कॅमेरा बघून माझे हात थरथरत होते. तूच म्हणालास, 'सावकाश कर बावळटा, कुणी मागे लागलंय का?' मी सावकाश केलं. तुझं ऐकून. आणि तू? तू आलास आणि दाणदाण कापत सुटलास. कॅमेऱ्याला दाखवत नव्हतास तू. मला दाखवत होतास."

"तोंड सांभाळ."

"मोठा आहेस म्हणून सांभाळतोय. वहिनी बिचारी दोन दिवस माझ्याशी बोलताना खाली बघतेय. तिनं काय केलंय?"

तो गेला. थोरल्यानं उरलेले कंगवे धुतले. एक कंगवा त्यानं दोनदा धुतला.

शुक्रवारी इंजिनिअर मुलगी आकडे घेऊन आली. मागे सरण्याचे गुण तिनं यंत्रातून काढून टाकले होते. आणि ती चूकच होती ना, याची खात्री करायला तिनं सगळ्या विद्यार्थ्यांच्या पूर्ण झालेल्या कामाचे फोटो मोजून पाहिले होते: दोन्ही कानांवरचे केस सारख्या उंचीवर उतरलेत का, एवढंच.

"सर, गंमत झालीये," ती म्हणाली. "जे मागे जाऊन नुसता पडदा बघतात, त्यांना काहीच फायदा नाही. पण जे मागे जाऊन खरंच आरशात बघतात, त्यांच्या दोन्ही बाजू सारख्या येतायत. आणि जे मागे जातच नाहीत, त्यांची डावी बाजू किंचित लांब राहते."

"मागे कोण जात नाही?"

"तुमच्या वर्गातली बरीचशी मुलं. ती वाकूनच काम करतात. तुमच्यासारखी."

थोरल्यानं चष्मा काढून पुसला. "किंचित म्हणजे किती?"

"नखाएवढी."

"आणि माझी?"

मंगळवारचं नकली डोकं अजून फळीवर होतं. ते तिनं आधीच मोजलं असावं, कारण उत्तर द्यायला ती उठली नाही. "तुमचीही, सर," ती हळू म्हणाली. "पण तेवढं गिऱ्हाइकाला कधी कळत नाही."

"म्हणजे त्याची चाळिशी बरोबर आणि माझी नजर चूक."

"तसं नाही. त्यांचं कारण वेगळं होतं, पण पाऊल उपयोगी निघालं. पावलाचे गुण मी परत घालतेय, डोळे बारीक करणं तेवढं काढून टाकतेय." लॅपटॉप मिटता मिटता ती म्हणाली, "नमुना मात्र नव्यानं घ्यावा लागेल. छोट्या सरांना निरोप ठेवलाय, त्यांचं उत्तर नाही. उद्या तुम्ही याल?"

थोरला हो म्हणाला. 'थोडा विचार करून सांगतो' असं म्हणायचं त्यानं ठरवलं होतं, पण हो आधी बाहेर पडलं.

शनिवारी चित्रीकरण झालं. इंजिनिअर मुलगी कॅमेऱ्यामागून सूचना देत होती. "सर, थोडं सावकाश. डावीकडे सरकाल? पाठ येतेय. आता मागे जाऊन एकदा बघा. आरशात, हो." थोरल्याला दर चार बटांनी स्वतःला आवरावं लागत होतं. हात धावायला बघत होते. तिसऱ्या खेपेला जमलं. तिनं कोपऱ्यात दिसणारं चित्र लावून दाखवलं. नुसते हात, मनगटापर्यंत. सावकाश, सुटे, एकेक हालचाल वेगळी.

दारात पोरं गोळा झाली होती. कुरळी टाचा उंचावून बघत होती.

"मास्तर, हुबेहूब!" ती आनंदानं म्हणाली. "अगदी मास्तरांसारखं दिसतंय."

तिच्या म्हणण्यातला दुसरा मास्तर कोण, हे कुणाला विचारायची गरज पडली नाही. थोरल्यानं अंगावरचे केस झटकले. सगळ्या दुनियेत त्याला एकच गोष्ट हवी होती, की त्या पडद्याच्या कोपऱ्यात आपले हात दिसावेत. आता ते दिसणार होते. आणि तिथे पोचायला त्यांना धाकट्याचे हात व्हावं लागलं होतं. त्यानं इंजिनिअर मुलीला विचारलं, "माझं जुनं, भराभरचं चित्रीकरण आहे का अजून?" ती म्हणाली, "जागा लागते म्हणून ते केव्हाच काढून टाकलं, सर."

सोमवारी सकाळी डोळ्यांचा अहवाल आला. चष्मा लावला की धाकट्याची नजर ठीक होती. दुपारी संचालिकाबाईंनी थोरल्याला मधल्या बोळात गाठलं.

"आता मुद्दा नजरेचा नाही राहिला, मास्तर. दाढी करताना ते चष्मा लावत होते की नाही, एवढाच आहे. लावत असतील तर मी त्यांच्यावर अन्याय केला आणि तिन्ही शाखा आजही त्यांच्याच. लावत नसतील तर गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळ केला, वर माझ्याशी खोटं बोलले; मग इथे त्यांचं काम नाही, आणि शाखा तुमच्याकडे. त्या खोलीत तुमच्याशिवाय कुणी जात नाही. चारच्या आत येऊन मला सांगा. हो किंवा नाही. या वेळी 'त्यालाच विचारा' चालणार नाही."

"मी बुधवारी का बोललो नाही, हेही विचाराल तुम्ही."

"'हो' म्हणालात तर विचारणार," त्या म्हणाल्या.

साडेतीनला थोरल्याच्या बायकोचा फोन आला. तो त्यानं घेतला नाही. वर्गात कुरळी एका खऱ्या माणसाचे केस कापत होती, तिचं पहिलंच गिऱ्हाईक. ती मागे जाऊन आरशात बघत होती, आणि तिची डावी बाजू उजवीशी जुळत होती. थोरल्यानं ते दारातूनच पाहिलं.

संचालिकाबाईंच्या खोलीबाहेर एक बाक आहे. धाकटा त्यावर बसला होता. थोरला आला तेव्हा त्यानं पाय आत घेतले, वाट दिली.

चारला दहा मिनिटं कमी असताना थोरला आत गेला आणि दार लागलं. सव्वाचारपर्यंत ते उघडलेलं नव्हतं.